चेंडू सोडण्याची किंमत

७६ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे जवळपास साडेसहा हजार कोटी रुपये. बेसबॉलपटू हुआन सोतो आणि न्यूयॉर्क मेट्स यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये ठरला आणि आपल्याकडे लगेच हिशेब सुरू झाले. ऋषभ पंतचे २७ कोटी कुठे, आयपीएलच्या दहाही संघांची मिळून १,२०० कोटींची थैली कुठे! त्याआधी २०२३ मध्ये शोहेई ओहतानीच्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी करार संपल्यावर मिळायचे ठरले होते. सोतोचा एकही डॉलर पुढे ढकललेला नाही.

पण या पैशांत मेट्सने घेतलंय काय? होम रन मारणारे पुष्कळ मिळतात. न मारण्याच्या चेंडूला हात न लावणारा, आणि तेही कोट्यवधी लोक बघत असताना, असा बॅटर दुर्मीळ.

पिचरच्या हातून ताशी दीडशे किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात. मारायचं की सोडायचं याचा निर्णय त्यातल्या पहिल्या अर्ध्या वेळात व्हावा लागतो. होम प्लेट जेमतेम १७ इंच रुंद. तिच्या आणि गुडघ्या-छातीच्या हद्दीबाहेरून, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरून, गेलेले चार चेंडू सोडले की पहिला बेस फुकट. यालाच वॉक म्हणतात. प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटतो. मला मात्र बेसबॉलचं सगळं शहाणपण तिथेच साठलेलं दिसतं.

ते सगळ्यात नीट मांडलं टेड विल्यम्सने. १९३६ मध्ये सतराव्या वर्षी व्यावसायिक खेळायला लागलेला आणि १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी (म्हणजे दर दहा संधींत चारहून जास्त यशस्वी फटके) गाठलेला हा बॉस्टनचा खेळाडू. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कुणी ०.४०० ओलांडलेलं नाही. निवृत्तीनंतरच्या पुस्तकात त्याने स्ट्राइक झोनचे ७७ चेंडूंएवढे भाग पाडले, आडवे सात आणि उभे अकरा, आणि प्रत्येक जागी आपण किती सरासरीने मारू ते लिहिलं. मधोमध ०.४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ०.२३०. म्हणजे विल्यम्ससारखा विल्यम्ससुद्धा चुकीचा चेंडू मारायला गेला तर सामान्य बॅटर होतो. २००४ च्या सिडनी कसोटीत सचिनने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद २४१ केल्या, त्या खेळीत हाच विचार होता.

सोतोला हे विसाव्या वर्षाच्या आतच उमगलं होतं. २०१८ चा हंगाम त्याने वॉशिंग्टन नॅशनल्सच्या कनिष्ठ संघांपैकी हॅगर्सटाउनमध्ये सुरू केला. ३९ सामन्यांत तीन पायऱ्या चढून १९ वर्षांचा सोतो मे महिन्यात थेट मोठ्या लीगमध्ये आला. सुरुवातीच्या संघात पहिल्यांदा नाव लागलं त्या दिवशी पहिल्याच चेंडूवर होम रन! (पावसाने अर्धवट राहिलेला १५ मेचा सामना जूनमध्ये पुरा झाला, त्यातही त्याने होम रन मारला. त्यामुळे नोंदवहीत त्याचा एक होम रन पदार्पणाच्याही आधीचा आहे.) त्या वर्षी २२ होम रन झाले, पण मला थक्क करतात ते ७९ वॉक. पुढच्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये तीन होम रन मारून त्याने वॉशिंग्टनला विजेतेपद मिळवून दिलं आणि त्या मालिकेच्या मध्यातच तो एकवीस वर्षांचा झाला. २०२१ मध्ये १४५ वॉक, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) फक्त ९३. पुढे संघ बदलून २०२४ मध्ये यँकीजकडून क्लीव्हलँडविरुद्ध, दहाव्या डावात, दोन गडी बाद असताना, त्याने पिचरचे फसवे चेंडू एकामागून एक फाउल करत टोलवले आणि सातव्या चेंडूला हवा तो फास्टबॉल मिळताच होम रन मारून सामन्याचा निकाल ठरवला. यँकीज २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचले.

ही सबुरी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तो दोमिंगोच्या मुलात यावी याचं नवल आहे. कारण वॉक घेऊन हे बेट कुणी सोडत नाही, असं डोमिनिकन मुलांच्या कानावर लहानपणापासून घातलं जातं. चाचणीला मिळणार मोजके चेंडू. समोरचा स्काउट चेंडू किती जोरात, किती लांब गेला ते बघणार. तिथे चेंडू सोडणं म्हणजे संधी सोडणं. सोतोचे वडील सेल्समन, स्थानिक संघात कॅचर. घरात कागदाच्या बोळ्यांवर त्याला फटके शिकवणारे. घरी अशी थोडी स्थिरता असलेल्या मुलाला थांबणं परवडतं. घर ज्याच्या बॅटवर चालणार आहे त्याला ते परवडत नाही.

आणि तिथे अशी मुलंच जास्त. बुस्कोन म्हणून ओळखले जाणारे खासगी प्रशिक्षक बारा-तेरा वर्षांची मुलं हेरतात, राहायची-खायची सोय करतात आणि पुढे बोनसचा मोठा वाटा घेतात. शाळा बहुधा तेव्हाच सुटते. नियमाने सही सोळाव्या वर्षी, पण तोंडी सौदे तेराव्या-चौदाव्या वर्षीच ठरून गेलेले असतात. जितकं वय कमी तितका भाव जास्त, म्हणून वय चोरणं आलं. याच वॉशिंग्टनने २००६ मध्ये एस्माइलिन गोन्सालेस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला १४ लाख डॉलर दिले. तीन वर्षांनी कळलं की नाव दुसरंच आणि वय चार वर्षांनी जास्त. क्लबच्या जनरल मॅनेजरला पद सोडावं लागलं, डोमिनिकन विभागाची नव्याने घडी बसवावी लागली. त्या नव्या घडीतून २०१५ मध्ये सोळा वर्षांच्या सोतोला १५ लाखांना करारबद्ध केलं गेलं. क्लबांना हा धंदा किती स्वस्त पडतो ते इथे दिसतं: १४ लाख बुडाले तरी चालतात, कारण पुढच्या १५ लाखांत सोतो मिळतो. बुडालेल्या सौद्यातल्या मुलाकडे मात्र तेव्हा ना खेळ उरतो ना शाळेचा दाखला.

मोठ्या लीगमधल्या तिसांपैकी प्रत्येक क्लबची त्या देशात अकादमी आहे. तिथल्या बहुतेक मुलांना मोठी लीग कधीच दिसत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कनिष्ठ खेळाडूंना संघटनेचा करार आणि वाढीव वेतन मिळालं, पण डोमिनिकन समर लीगमधली मुलं त्यातून वगळली गेली. हे मला अन्यायाचं वाटतं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात दुबळ्या मुलांनाच संरक्षण नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान रॉयल्सने तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतलं. त्याचं कौतुक करताना मला डोमिनिकनमधल्या या अकादमी आठवतात. वैभवचं सोनं होवो. पण त्याच्याकडे बघून आता किती घरांत दहावीच्या आधीच पुस्तकं मिटली जातील, याचा विचार क्रिकेट मंडळाने आजच करायला हवा.

दरवर्षी १५ जानेवारीला डोमिनिकन भरतीचा नवा हंगाम सुरू होतो. सोळा वर्षांच्या शेकडो मुलांच्या सह्या होतात आणि बोनसचे आकडे छापून येतात. प्रत्येक क्लबला आणखी एक आकडा जाहीर करायला लावावा: पाच वर्षांपूर्वी करारबद्ध केलेल्यांपैकी किती जणांनी शाळा पूर्ण केली. आणि ज्यांची राहिली त्यांच्या शिक्षणाचा खर्च त्याच क्लबकडून वसूल करावा. सोतोच्या एका वर्षाच्या पगारापुढे ती रक्कम किरकोळच असेल.