जुनी बॅटरी बदलताना

बुलढाणा जिल्ह्यात ऊन मुबलक आहे. परंतु रात्री वीज गेली की कामी येते ती दिवसा साठवलेलीच. खामगाव, मलकापूरच्या व्यापारी कुटुंबांनी जुन्या शिसे-आम्ल बॅटरीऐवजी लिथियमची घेताना किमतीआधी साठ्याचा हिशेब मांडावा.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. मात्र ती टिकावी म्हणून निम्मीच, म्हणजे ०.९ युनिट, वापरणे इष्ट. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १.२८ युनिट मावते आणि त्यातील सुमारे १ युनिट निर्धास्त वापरता येते. आकडा लहान, उपयोग अधिक. इन्व्हर्टर तिला अनुरूप आहे का, हे मात्र आधी तपासावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात रात्रीचा भार बहुधा दिवे-पंख्यांपुरताच उरतो. तेथे गरजेहून मोठी बॅटरी म्हणजे अनावश्यक परिग्रहच.

जुनी बॅटरी फोडली गेल्यास शिसे व आम्ल मातीत, पाण्यात मुरते आणि असंख्य जीवांना बाधते. म्हणून चार पैसे कमी मिळाले तरी २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत संकलकाकडेच सोपवावी. हिशेब तेव्हाच पूर्ण होतो.