अनामत रकमेची राखण

बेला, जैनथ, तामसी या बाजूची मराठी कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी, कापसाच्या बाजारातील कामासाठी किंवा दवाखान्यातील नोकरीसाठी आदिलाबाद शहरात बिऱ्हाड करतात, तेव्हा त्यांची पहिली गाठ घरमालकाशी पडते. खोली पसंत पडते, महिन्याचा किराया ठरतो आणि मग प्रश्न येतो, 'अॅडव्हान्स किती देणार?' पोटाला चिमटा घेऊन साठविलेली, प्रसंगी दागिना गहाण ठेवून उभी केलेली रक्कम मालकाच्या हाती जाते. पावतीचा विषय काढावा तर उत्तर मिळते, 'देऊ की सावकाश; आपल्यात घाई कसली?' मागणाऱ्यालाच ओशाळे वाटते आणि तो विषय तिथेच राहतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी घर सोडण्याची वेळ आली, म्हणजे हीच 'सावकाश' भाडेकरूच्या मुळावर येते. रक्कम किती होती याविषयी दोघांचे दोन आकडे असतात. भिंतीच्या रंगाचे, नळाच्या तोटीचे पैसे वजा होतात. आणि उरलेली रक्कम 'पुढच्या महिन्यात' मिळणार असते. म्हणून या अनामत रकमेविषयी कायदा काय सांगतो, आणि मालकाने उशीर केला तर भाडेकरूच्या हाती काय उरते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

मुळात एक गोष्ट मनात स्वच्छ असावी. अनामत म्हणजे मालकाची मिळकत नव्हे. ती भाडेकरूचीच रक्कम असून मालकाकडे ठेवीच्या रूपाने राहते. बुडालेले भाडे किंवा घराची खरीखुरी नासधूस यांपुरताच मालकाचा तिच्यावर अधिकार पोचतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करावयाचे असते. परंतु वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. राहत्या घराचा रंग काळानुसार फिका पडणारच. त्याची भरपाई अनामतीतून कापणे न्यायाचे नव्हे.

आदिलाबादचा कायदा

निजामी राज्य संपल्यावर हैदराबाद राज्यात १९५४ साली घरभाडे नियंत्रणाचा कायदा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि १९६० साली त्या राज्याने इमारतींचे भाडे व निष्कासन यांविषयी स्वतःचा कायदा केला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाले, तरी तोच कायदा तेलंगणाचा म्हणून पुढे चालू राहिला.

या कायद्याची दोन कलमे प्रत्येक भाडेकरूने ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. सातव्या कलमान्वये मालकाला ठरलेल्या भाड्याखेरीज पागडी किंवा तत्सम रक्कम मागता येत नाही, आणि आगाऊ म्हणून एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. याविरुद्ध केलेला करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो. आठव्या कलमान्वये भाडे असो वा आगाऊ रक्कम, दिलेल्या प्रत्येक पैशाची सही केलेली पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. म्हणजे पावती ही मालकाची मेहेरबानी नाही, आणि ती मागण्यात अविश्वासही नाही.

हाच आठवा नियम आणखी एका संकटात उपयोगी पडतो. कित्येकदा भाडेकरूला काढावयाचे मनात आले की मालक भाडेच घेईनासा होतो आणि नंतर 'भाडे थकविले' म्हणून दावा लावतो. अशा वेळी भाडेकरूने लेखी नोटीस देऊन, भाडे कोणत्या बँकेत भरावे हे दहा दिवसांत कळवावे, अशी मागणी करावी. मालकाने बँक सांगितली तर तेथे भरावे. न सांगितली तर मनीऑर्डरीचे कमिशन वजा करून भाडे मनीऑर्डरीने पाठवावे. तीही परत आली तर भाडे नियंत्रकाकडे भरता येते. या पायऱ्या क्रमाने चढल्या पाहिजेत; मधली एखादी गाळली तर पुढे अडचण येते.

कायद्याची कक्षा

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हा कायदा सर्व घरांना लागू नाही. २००५ च्या दुरुस्तीने, ज्या इमारतींचे मासिक भाडे महानगरपालिकांच्या हद्दीत ३,५०० रुपयांहून व इतरत्र २,००० रुपयांहून अधिक होते त्या, तसेच बांधून १५ वर्षे न झालेल्या इमारती, त्याच्या कक्षेबाहेर गेल्या. नव्या वसाहतीतील पुष्कळशी घरे त्यामुळे या संरक्षणाला मुकली आहेत. तेथे उभयतांत झालेला करार आणि १८८२ चा कायदा हाच आधार. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतक्याच अनामतीची आणि घर ताब्यात घेताना ती परत करण्याची तरतूद आहे. पण राज्याने तसा कायदा केल्यावाचून तो कोणास बांधत नाही.

महाराष्ट्रात सोयरे असणाऱ्यांनी हेही ओळखावे की राज्याची सीमा ओलांडली म्हणजे कायदाही बदलतो. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आता तेथे महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याने पागडी घेण्यास मुभा दिली आहे, आणि भाडेकरार लेखी करून नोंदविणे सक्तीचे केले आहे. तेव्हा किनवटच्या मेहुण्याने सांगितलेला नियम आदिलाबादेत लागू होईलच असे नाही.

अधिक घेतलेल्या रकमेचे काय?

समजा, कायद्याच्या कक्षेतील एका घराचे भाडे १,८०० रुपये आहे आणि मालकाने १०,००० रुपये आगाऊ घेतले आहेत. कायद्याने त्याला १,८०० च घेता येत होते. उरलेले ८,२०० रुपये, म्हणजे चार महिन्यांहून अधिक भाडे, त्याच्याकडे भाडेकरूचे पडून आहे. अशा स्थितीत दोन महिन्यांचे भाडे तुंबले तर भाडेकरू कसूरदार ठरतो काय?

आंध्रातील गुडूर येथील एका हॉटेलच्या खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेहून अधिक रक्कम मालकाच्या हाती असताना भाडेकरूला थकबाकीदार म्हणून काढता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्याआधी १९८६ साली, बिहारमधील एका प्रकरणात, गरजेपोटी बेकायदा रक्कम देणारा भाडेकरू हा ती घेणाऱ्या मालकाइतका दोषी मानता येत नाही, हे तत्त्व त्याच न्यायालयाने मांडले होते. तथापि या निर्णयांच्या भरवशावर कोणी गुपचूप भाडे बंद करू नये. अधिकची रक्कम भाड्यात वळती करावी असे आधी लेखी कळवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

उशिरा सुचलेले शहाणपण

आपल्याकडे अनामत मालकाच्याच खिशात राहते. तिची राखण करणारी तिसरी संस्था नाही. इंग्लंडात ती आहे, आणि तिकडे शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे ठाऊक असावे. तेथे २००७ पासून मालकाने अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. २०१० साली तेथील अपील न्यायालयाने असा अर्थ लावला, की मालकाने सुनावणीपूर्वी उशिरा का होईना रक्कम सुरक्षित केली तर तो दंडातून सुटतो. पार्लमेंटला ही पळवाट मान्य झाली नाही. कायदा बदलला आणि एप्रिल २०१२ पासून रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत ठरली. ती चुकली तर नंतर रक्कम सुरक्षित केली तरीही भाडेकरूला न्यायालयात जाता येते, आणि मालकाला अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम द्यावी लागते.

या बदलातील मर्म आपणांसही घेण्यासारखे आहे. संकट दारात आल्यावर केलेले कर्तव्य हे वेळेवर केलेल्या कर्तव्याची बरोबरी करीत नाही. मधल्या काळात जो धोका होता तो भाडेकरूने एकट्याने सोसलेला असतो.

भाडेकरूने काय करावे?

आपल्याकडे तशी योजना नसल्यामुळे भाडेकरूने आपली राखण पहिल्याच दिवशी करावी. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी, म्हणजे तारीख व आकडा दोन्ही टिकतात. करारात अनामतीचा आकडा, ती परत करण्याची मुदत आणि कोणत्या कारणासाठी वजावट होईल, हे स्पष्ट लिहावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, हे विसरू नये. घरात शिरताना व घर सोडताना भिंती, नळ, दारे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. किल्ली परत करताना तसे लिहून घ्यावे.

एवढे करूनही रक्कम मिळाली नाही, तर नोंदणीकृत टपालाने मागणीपत्र पाठवावे. पैशाच्या अशा दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. 'आज देतो, उद्या देतो' यात ती निघून जाऊ देऊ नये. दाव्यापूर्वीच हे प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकुमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील नसते. १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. गोंड-कोलाम बांधवांच्या या जिल्ह्यात ही तरतूद घरोघरी पोचली पाहिजे.

शेवटी घरमालकांविषयी दोन शब्द. सगळेच मालक धनवान नसतात. निवृत्त शिक्षक, विधवा भगिनी, एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी चालविणारे वृद्ध दांपत्य, यांनाही भाडे बुडविणाऱ्या भाडेकरूचे भय असते, आणि अनामत त्यांचाही आधार असते. परंतु पावती जशी भाडेकरूची साक्षीदार, तशीच ती मालकाचीही आहे. जो मालक पहिल्या दिवशी आकडा लिहून देतो, त्याच्यावर कोणी खोटा आकडा लादू शकत नाही. म्हणून आमचे उभयतांस सांगणे एकच : अनामत घेण्याचा दिवस जसा ठरतो, तसा ती परत देण्याचा दिवसही त्याच कागदावर, त्याच बैठकीत ठरवावा.