प्लॅस्टिकच्या पोत्यावरची खूण टिकवा



हरभऱ्याची मळणी झाली की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघरी बियाण्याची पोती बाजूला काढली जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय, फुले विक्रम हे वाण आपल्या ओळखीचे आहेत. यातला फुले विक्रम उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात, म्हणून तो यंत्राने काढता येतो. पण दाणा एकदा पोत्यात गेला की नुसत्या नजरेने वाण ओळखणे अवघड. पेरणीला पोती काढली आणि वरची अक्षरे पुसलेली निघाली, तर वाणांची भेसळ ठरलेलीच. मग काढणीला यंत्र आणूनही बुटक्या झाडांचे खालचे घाटे रानातच राहतात. म्हणून आज पोत्यावरच्या शाईविषयी थोडे सांगतो.

शाई का निघते?

तागाची गोणी शाई पिते. प्लॅस्टिकचे पोते मात्र पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांचे विणलेले असते, ते काहीच पीत नाही. पाण्यात कालवलेली साधी शाई त्यावर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते आणि सुकली की खपली धरून निघते. शिवाय विणीला बारीक फटी असतात. शाई पातळ असेल तर ती फटीतून आत उतरते.

कारखान्यात छपाईआधी पोत्याच्या कापडावर विजेची प्रक्रिया करतात. तिला कोरोना प्रक्रिया म्हणतात. त्या रोगाशी हिचा काही संबंध नाही, बरं का! या प्रक्रियेने शाई धरून राहते, पण दिवस जातील तसा तिचा गुण कमी होतो. म्हणून फार दिवस पडून राहिलेली कोरी पोती छपाईला घेऊ नका.

छापील पोती मागवताना

गटाने किंवा शेतकरी कंपनीने पोती छापून घ्यायची असतील तर एवढे पाहा:

१. शाई पॉलिप्रॉपिलीनसाठीचीच आहे ना, हे विचारा. कागदाची शाई चालत नाही.

२. धान्य, डाळ भरायची असेल तर शाई आय. एस. १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे हवी. अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत हे सांगितले आहे. ऑर्डरमध्ये तसे लिहून घ्या.

३. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो आणि खर्च वाढतो. एक-दोन रंग पुरेत. काळा रंग काजळीचा असल्याने उन्हात सर्वांत जास्त टिकतो. भडक लाल-गुलाबी लवकर उडतात.

४. आधी नमुन्याचे पोते मागवा. छापावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. ओल्या फडक्याने वीस वेळा घासा. पोते मुठीत चुरगाळा. तिन्ही वेळा अक्षर जागेवर राहिले तरच पुढची ऑर्डर द्या.

घरच्या घरी खूण करताना

पाच-दहा पोत्यांसाठी प्लॅस्टिकवर चालणारा, न पुसणारा मार्कर पुरतो. जास्त असतील तर पत्र्यात अक्षरे कोरून छाप बनवा आणि प्लॅस्टिकवर चालणारी काळी, दाटसर शाई घ्या.

पोते रिकामे असतानाच छापा. आत फळी सरकवा, म्हणजे शाई दुसऱ्या बाजूला उतरत नाही. धूळ पुसून घ्या. स्पंजाला थोडीच शाई लावून हलके टिपत जा. ब्रश ओढला तर शाई पत्र्याखाली जाऊन अक्षर फुटते. अक्षर दोन इंच उंच असू द्या. छापलेली पोती एकावर एक न ठेवता सावलीत, वाऱ्यावर एक दिवस पसरा आणि वास गेल्यावरच भरा. ही शाई पेट घेते. काम उघड्यावर करा, जवळ चूल नको, बिडी नको.

आता तुम्ही म्हणाल, शाई घट्ट झाली तर घरातले रॉकेल किंवा पेट्रोल घालू का? नको. दाण्याला वास लागतो. डब्यावर सांगितलेलाच थिनर, तोही बेताने वापरा. जळके ऑइल आणि डांबर तर हातातही घेऊ नका.

हे विसरू नका

छापील पोते उलटे करून त्यात धान्य भरण्याची आपल्याकडे सवय आहे. तसे केले की शाईची बाजू दाण्याला लागते. खाण्याच्या धान्यासाठी हे करू नका. खताचे किंवा औषधाचे पोते तर कितीही धुतले तरी धान्याला वापरू नये.

बियाण्याच्या पोत्यावर पीक, वाण, हंगाम, वर्ष आणि शेताचा गट क्रमांक लिहा. औषध चोळलेले बियाणे असेल तर 'विषारी, खाऊ नये' असे मोठ्या अक्षरात लिहा. तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून एक चिठ्ठी पोत्यात टाका. बाहेरची खूण गेली तरी आतली राहते.

एक कायद्याची गोष्टही ध्यानात ठेवा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने संरक्षित वाणाचे घरचे बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा व विकण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. मात्र त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, ब्रँड करून ते विकता येत नाही. घरच्या ओळखीसाठी केलेली खूण वेगळी आणि विक्रीचे लेबल वेगळे.

भरलेली पोती उन्हात ठेवू नका. उन्हाने शाई फिकी पडतेच, पण पोत्याची पट्टीही ठिसूळ होऊन तुटते. फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर, सावलीत थप्पी लावा आणि खुणेची बाजू समोर येऊ द्या. पेरणीच्या घाईत पोते हलवावे लागणार नाही आणि वाणही चुकणार नाही.