पाळणाघराची गुणवत्ता आणि कॅमेरा

पाळणाघराची गुणवत्ता म्हणजे तेथे मुलाला मिळणारी सुरक्षितता, स्वच्छता आणि प्रतिसादक्षम संगोपन (रडणे, भूक, झोप यांचे संकेत ओळखून वेळेवर व मायेने दिलेला प्रतिसाद) यांचा एकत्रित दर्जा होय. नवी मुंबईतील नोकरदार पालक हा दर्जा पुष्कळदा सीसीटीव्ही आहे की नाही यावरून ठरवतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यातील चित्रणात स्पष्ट दिसली होती. मात्र ती मारहाण कॅमेरा चालू असतानाच झाली होती. विजेचा मीटर वापर नोंदवतो, तो कमी करत नाही, तसेच कॅमेऱ्याचे आहे.

अधिक बोलके माप म्हणजे संगोपक-बालक प्रमाण (एका सांभाळणाऱ्या व्यक्तीमागे असलेली मुले). २०१३ च्या राष्ट्रीय पूर्व बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक संगोपक अपेक्षित आहे, परंतु रांगतेही न झालेल्या दहा बाळांना एकटी बाई कसे भरवणार, हा प्रश्न उरतोच, म्हणून तान्ह्यांसाठी पालकांनी याहून कडक अपेक्षा ठेवावी. सांभाळणाऱ्या बाया वारंवार बदलतात का, हेही विचारावे, कारण बाळाचे संकेत ओळखायला सहवास लागतो. पूर्वसूचना न देता आत येऊ देण्यास पाळणाघर नाखूश असेल, तर तीही माहितीच आहे. भेटींचा विचार कायद्यातही झाला आहे: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांच्या पाळणाघरांबाबत २०१७ च्या प्रसूती लाभ सुधारणा कायद्याने आईला दिवसातून चार भेटींची मुभा दिली.