बोडी, हौद आणि जमाखर्चाची वही

बालाघाटहून नैनपूरकडे जाणारी गाडी लामत्याला थांबते. एके काळी या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. आता रुंद रूळ आले आणि प्रवास सोपा झाला. परंतु स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की धानाच्या बांध्या, सागाचे रान आणि मधूनमधून चकाकणारे पाणी, हे दृश्य तसेच आहे. वैनगंगेवरचा इंग्रजी अमदानीतला ढुटीचा बंधाराही येथून फार दूर नाही. पाण्याशी जुना घरोबा असलेला हा मुलूख आहे.

माझी आत्या या गावात दिलेली होती. आमच्या घरी वडिलांची दरबारातली गायकी, तर तिच्या सासरी पाऊस, पीक आणि पाणी यांखेरीज दुसरा विषय नाही! आत्या आता नाही. तिचे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, नोकरीतून निवृत्त होऊन वडिलार्जित घरी राहावयास आले, म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिकडे गेलो होतो. परसात गेलो तो जमिनीवर फक्कीने आखलेला एक लांबट चौकोन दिसला.

"हे काय, दादा?"

"पोहण्याचा हौद. चिरंजीवांची इच्छा आहे. नातीला पाणी फार आवडते. फंडाचे पैसे हाती आहेत, तोवर होऊन जाऊ दे."

चिरंजीव पुण्यास नोकरीला. वर्षातून दोनदा येतात. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पंतोजी आहात. यांना जरा हिशेब मांडून दाखवा. बांधायला किती लागतील ते यांना ठाऊक आहे. राखायला किती लागतील ते कोणीच सांगत नाही."

मी गाणे शिकवणारा माणूस. स्थापत्याशी माझा संबंध तो काय! तथापि हिशेब म्हणजे शेवटी मात्राच मोजणे. ज्या कारागिराने हौदाचा आराखडा दिला होता त्याला दादांनी बोलावून घेतले. माणूस सरळ होता. विचारले तेवढे सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. वाचकांपैकी कोणाच्या मनात असा बेत असेल, तर हा हिशेब उपयोगी पडावा.

हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे सुमारे ४५,००० लिटर पाणी. ५,००० लिटरचे टँकर मागवले तर नऊ. हे पहिल्या भरण्याचे. पुढे वैशाखात ऊन रोज ८ मिलिमीटर पाणी उडवून नेते असे धरले, तर अडीचशे लिटर रोजचे गेले. महिन्याकाठी दीड टँकर नुसते आकाशाला! गाळणीतली वाळू आठवड्यातून एकदा उलट्या पाण्याने धुवावी लागते. त्यात चारपाचशे लिटर गटारात जातात.

पाणी साठले की ते हलते ठेवावे लागते. सारा हौद सहा तासांत एकदा तरी गाळणीतून फिरून यावा, असा साधारण बेत असतो. एक अश्वशक्तीचा पंप तासाला जवळजवळ एक युनिट वीज खातो. आठ तास चालवला तर महिन्याला २४० युनिटे. आठ रुपये दर धरला तर सुमारे १,९०० रुपये. मग औषधे. क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राहिला पाहिजे, आणि पाण्याचा आम्लपणा-अल्कपणा मोजणारा आकडा, ज्याला पी-एच म्हणतात, तो ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान. तो वर चढला की क्लोरीन असून नसल्यासारखा. शिवाय उघड्या हौदातला क्लोरीन ऊन खाऊन टाकते, म्हणून उन्हाळ्यात जो खर्च अधिक तो याचाच. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू निघतो. तेव्हा दोन्ही वेगळ्या कपाटांत, कुलपात. पाच-सात वर्षांनी वाळू बदलणे, फरशांच्या फटी भरणे, मोटारीची दुरुस्ती, हे वेगळेच. शिवाय लहान मुले ज्या घरी येतात तेथे हौदाला कुंपण आणि कुलपाचे फाटक हवेच हवे. त्या बाबतीत काटकसर म्हणजे अपराध होय.

"मग पावसाळ्यात रिकामा करून ठेवू," दादा म्हणाले.

कारागिराने मान हलवली. येथे आषाढ-श्रावणात जमिनीतले पाणी वर येते. रिकामा हौद म्हणजे चिखलात रुतवलेली होडी. खालचे पाणी त्याला उचलते आणि तळ तडकतो. म्हणजे वापरा अथवा न वापरा, तो भरलेलाच ठेवला पाहिजे. आणि भरलेला पण न हलवलेला ठेवला, तर आठ-दहा दिवसांत त्यात डासांची नवी पिढी तयार होते. बालाघाटच्या जंगलपट्टीत हिवतापाचा इतिहास मोठा आहे. येथील माणसाला हे सांगण्याची गरज नाही.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मुले येणार दोनदा, आणि चाकरी करायची बारा महिने."

दादा काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी आत्याच्या सासऱ्यांची एक जुनी वही आणली. हौदाच्या जागेपलीकडे, आंब्याच्या झाडांमागे, या घराची एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसे तळे. वैनगंगेच्या खोऱ्यात शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पावसाचे पाणी अडवतात, ते. वही त्या बोडीच्या खर्चाची होती.

येथे थोडे मागे जावे लागेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि इकडे बालाघाट या धानाच्या पट्ट्यात तळी बांधण्याची विद्या फार जुनी. कोहळी समाजाची तर ती ख्यातीच. गोंड राजांच्या काळापासून असा रिवाज सांगतात की, रान तोडून जो तळे बांधील त्याला जमिनीचा मान मिळे. पुढे इंग्रजी अमदानीत ही तळी मालगुजारांच्या मालकीची झाली. एकट्या महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत आजही अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी मोजली जातात आणि सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गावचे पाण्याचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दप्तरात नोंदलेले असत: कोणाच्या बांधीला केव्हा पाणी, गुरांना कोठे, पाळ दुरुस्तीला कोणी यायचे.

त्या वहीतही हेच होते. ज्येष्ठात पाळीवर माती. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, त्याचे लाकूड बदलले. सांडव्याचे दगड पुन्हा बसवले. पाळीवरची झुडुपे तोडली, कारण मुळे पाळ पोखरतात. आणि दर काही वर्षांनी, चैत्र-वैशाखात तळ उघडा पडला की, गाळ काढला. हे झाले खर्चाचे पान. समोरचे पान जमेचे. आश्विनात पावसाने पाठ फिरवली त्या वर्षी वाचलेले धान. ढिवरांनी धरलेल्या मासळीतला घरचा वाटा. शिंगाडे. आणि गाळ, जो काढण्याला मजुरी पडली खरी, पण शेतात पडून खताचे काम करून गेला.

मी हौदाचा कागद त्या वहीशेजारी ठेवला. कागदावर जमेचे पान नव्हते. आनंद ही जमा नव्हे असे मी म्हणणार नाही. नातीचे पाण्यात खिदळणे ही कोणत्याही आजोबांना मोठीच जमा आहे. परंतु ती जमा वर्षातून पंधरा दिवसांची, आणि खर्च तीनशे पासष्ट दिवसांचा.

आपल्या पूर्वजांना घरातल्या पाण्याची हौस नव्हती असे थोडेच आहे? पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून बंद नळाने पाणी आणले, ते वाड्यावाड्यांच्या हौदांत खेळवले. कारंजीही उडवली. पण ते पाणी एका हौदातून दुसऱ्यात, वाड्यातून पेठेतल्या सार्वजनिक हौदात असे वाहते असे. ते एके ठिकाणी अडून बसत नसे, म्हणून कुजत नसे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळी, १७१९ ते १७२४ या सालांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी विहीर आणि तिच्याच पोटात बसण्याउठण्याचा देखणा महाल! पाण्याशेजारी घर करावे ते असे. परंतु त्याच महालाच्या माथ्यावर मोटा चालत आणि पाणी आमराईला जाई. विलास होता, पण त्याला कामाची जोड होती.

आपल्या संस्थानी शहरांतील कित्येक वाड्यांत असे हौद आपण पाहिले आहेत. आज त्यांपैकी बहुतेकांत केर आहे किंवा फरशी टाकून मोटारी उभ्या आहेत. ते बांधणारे गेले म्हणून कोरडे पडले नाहीत. धुणारे गेले म्हणून पडले.

तळ्यांचेही तेच झाले. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मध्य प्रांत-वऱ्हाडातली मालगुजारी संपली आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले. वेठ आणि सारा यांनी पिचलेल्या कुळांना विचारा. परंतु हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला त्या दिवशी ज्येष्ठातली माती कोणी टाकायची हे मात्र ठरले नाही. मालक म्हणे आता माझे नाही, गाव म्हणे सरकारचे आहे, आणि सरकारला एवढ्या पाळी पाहावयास हात कोठून? तळी गाळाने भरत गेली. अलीकडे, २०१७ पासून, महाराष्ट्रात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेखाली गाळ काढून शेतात टाकण्याचे काम सुरू झाले. म्हणजे त्या वहीतलेच कलम, सहा-सात दशकांनी!

दादांच्या घरची बोडी घरच्याच शेतात असल्याने कुटुंबाकडे राहिली. पण माणसे नोकरीनिमित्त पांगली आणि वहीतली शेवटची नोंद आत्याच्या अक्षरात संपली. संध्याकाळी आम्ही पाळीवर गेलो. पाव हेक्टरापेक्षा थोडी लहान बोडी, सुमारे २,००० चौरस मीटर. दादांनी काठी खुपसून पाहिली. दोन फूट गाळ. म्हणजे बाराशे घनमीटर, ट्रॅक्टरच्या चारशेएक खेपा. तो निघाला आणि दीड मीटर पाणी उभे राहिले, तर तीस लाख लिटर. हौदाच्या सहासष्टपट. आणि भरणारा फुकट, वरून.

"लहानपणी मी येथेच पोहायला शिकलो," दादा म्हणाले. "आईला न सांगता."

माझ्या वडिलांकडे मिरजेचा तंबोरा होता. तो मोलाने घेतला एकदाच. परंतु तारा, जवारी, गवसणी, पावसाळ्यात ऊब, आणि मुख्य म्हणजे रोज पहाटे गळ्यासमोर घेणे, हा खर्च त्यांनी जन्मभर केला. पुष्कळ श्रीमंत घरांत मी सुंदर तंबोरे पाहिले आहेत, जे भिंतीला टेकून मुके झाले. वस्तू आपल्या मालकीची होते ती पावतीने नव्हे, रोजच्या चाकरीने होते. पाण्याचे तर विशेषच. तंबोरा दुर्लक्षाने मुका होतो, पाणी दुर्लक्षाने घातक होते.

म्हणून ज्यांना घरी हौद हवा, त्यांनी जरूर बांधावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त बांधणीच्या रकमेशेजारी दहा वर्षांच्या निगेची रक्कम लिहावी, आणि तिच्याशेजारी एका माणसाचे नाव लिहावे, जो रोज सकाळी त्या पाण्याकडे पाहील. ते नाव सुचत नसेल तर खोदकाम थांबवावे. आणि घरामागे एखादी बुजलेली बोडी, विहीर किंवा जुना हौद असेल, तर आधी त्याचा गाळ मोजावा.

रात्री जेवणे झाल्यावर दादांनी पुण्यास फोन लावला. चिरंजीवांची थोडी निराशा झाली असावी. बोलणे बराच वेळ चालले. शेवटी ठरले ते असे की यंदा फंडातून प्रथम बोडीचा गाळ काढावा, तुडूम नवे बसवावे, आणि एका बाजूला पायऱ्यांचा लहान घाट बांधून त्यापुढे कमरेएवढ्या पाण्यापर्यंत मुरूम टाकावा. घाटालाही फाटक राहील आणि मोठे माणूस बरोबर असल्यावाचून नात तेथे उतरणार नाही. हौदाचा विचार दोन वर्षांनी, वही पाहून.

मी निघालो त्या सकाळी वहिनींनी ती जुनी वही घेतली, आत्याच्या अक्षराखाली एक रेघ ओढली आणि तारीख घातली. पहिली नोंद होती ट्रॅक्टरवाल्याला दिलेल्या विसाराची. समोरचे जमेचे पान त्यांनी कोरेच ठेवले, म्हणाल्या, "ते पाऊस लिहील."