बलाढ्य चढाईस आळा कसा घालावा ?

खेळणाऱ्यापेक्षां पाहणाऱ्याचें काळीज अधिक धडधडतें, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. मैदानावर उतरलेल्या गड्यास हातपाय हालवावयाचे असतात. त्यास भिण्यास सवड नसते. कडेला उभ्या असलेल्या चाहत्याजवळ मात्र सवडीवांचून दुसरें कांहींच नसतें. त्यांतून सामना बाद पद्धतीचा असला, आणि समोरचा संघ गुणांचा पाऊस पाडणारा म्हणून गाजलेला असला, म्हणजे त्या बिचाऱ्यास रात्रीं झोंप येत नाहीं. ‘ह्यांना आवरणार तरी कोण ?’ हा एकच प्रश्न त्याच्या मनांत घोळत राहतो. हा प्रश्न वाजवी आहे काय, आणि त्यास उत्तर असतें काय, ह्याचा विचार अमेरिकेंतील एका प्रसिद्ध सामन्याच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. सामना १९९१ सालचा असला, तरी त्यांतील भीति व तिच्यावरील तोड हीं दोन्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस आपलींच वाटतील.

प्रथम खेळाची ओळख करून देणें अवश्य आहे. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात, तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असून तो बहुधा हातांत धरून पळतात अथवा पुढें फेंकतात. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्यास चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें लागतें. तितकें साधलें कीं पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे ६ गुण. ह्यास टचडाउन म्हणतात. तें साधणें कठीण दिसलें, तर दुरूनच लाथ मारून चेंडू दोन उंच खांबांमधून धाडतात. त्याचे ३ गुण. सामना ६० मिनिटांचा असतो. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. चेंडू घेऊन पळणारा गडी मैदानाच्या आंतच पाडला गेला, तर घड्याळ बहुधा थांबत नाहीं. पुढें सांगावयाच्या युक्तीचें मर्म ह्या एका नियमांत आहे.

१९९० च्या हंगामांत बफेलो बिल्स ह्या संघानें ४२८ गुण मिळविले. इतके गुण त्या वर्षीं दुसऱ्या कोणत्याही संघानें मिळविले नव्हते. ह्या यशाचें रहस्य त्यांच्या वेगांत होतें. एक प्रयत्न संपला म्हणजे गड्यांनीं रिंगण करावें, पुढला बेत कानांत सांगावा, आणि मग आपापल्या जागीं जावें, अशी त्या खेळांतील सामान्य रीत. बफेलोनें हें रिंगणच पुष्कळ वेळां सोडून दिलें. त्यांचा सूत्रधार जिम केली हा रेषेवर उभा राहूनच खुणेनें बेत सांगे, आणि प्रतिपक्ष सांवरतो न सांवरतो तोंच चेंडू खेळांत येई. बचाव करणाऱ्यांस दम खाण्यास अवकाश नाहीं, आणि दमलेले गडी बदलण्यासही नाहीं ! त्यांतून आंद्रे रीड व जेम्स लॉफ्टन हे चेंडू झेलण्यांत पटाईत, आणि थर्मन थॉमस हा धांवण्यांत व झेलण्यांत सारखाच निपुण. बाद सामने सुरू होतांच ह्या संघानें मायामीविरुद्ध ४४ गुण केले, आणि ता. २० जानेवारी १९९१ रोजीं लॉस एंजेलिस रेडर्सचा ५१–३ असा फडशा पाडला.

त्याच दिवशीं न्यूयॉर्क जायंट्स हा संघ दोन वर्षांच्या विजेत्या सॅन फ्रॅन्सिस्कोस हरवून अंतिम सामन्यास पात्र झाला, परंतु कसा? १५–१३ असा, एकही टचडाउन न करतां, मॅट बार नामक गड्यानें लाथेनें साधलेल्या पांच गोलांच्या बळावर. डिसेंबरांत ह्याच बफेलोकडून जायंट्स १७–१३ असे हरले होते, आणि त्याच सामन्यांत त्यांचा सूत्रधार फिल सिम्स जखमी होऊन हंगामास मुकला होता. आतां ती धुरा जेफ हॉस्टेटलर ह्या राखीव गड्याच्या खांद्यावर होती. तयारीस अवघा एक आठवडा उरला होता. अशा वेळीं न्यूयॉर्कच्या चाहत्यानें ५१ हा आंकडा पुन्हां पुन्हां आठवून धसका घेतला असेल, तर त्यास हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

तथापि भीतीचा एक स्वभाव आहे. ती शत्रूचें बळ मोजते, आपलें मोजावयास विसरते. जायंट्सनीं त्या हंगामांत १६ सामन्यांत मिळून केवळ २११ गुण दिले होते, आणि ह्याहून कमी गुण दुसऱ्या कोणत्याही संघानें दिले नव्हते. तेव्हां सामना केवळ बलाढ्य चढाईचा नव्हता. तो बलाढ्य चढाई आणि भक्कम तटबंदी ह्यांचा होता.

आतां युक्ति पाहूं. जायंट्सचे मुख्य शिक्षक बिल पार्सेल्स असून बचावाची आंखणी बिल बेलिचिक ह्यांनीं केली होती. त्या आंखणीचीं दोन अंगें होतीं. पहिलें अंग असें कीं, सर्वच वाटा अडविण्याचा हट्ट धरावयाचा नाहीं. बफेलोचा खरा घात लांब फेंकींत आहे. म्हणून पुढील फळींत नेहमींहून कमी, पुष्कळदां दोनच, धिप्पाड गडी ठेवावयाचे, आणि बाकीचे मागें पसरून झेलणाऱ्यांवर नजर ठेवावयाची. चेंडू झेलला गेला तरी झेलणाऱ्यास तेथेंच जोरानें खालीं पाडावयाचा. अर्थात् पुढली फळी विरळ झाल्यानें थॉमसला धांवण्यास वाट मिळणार; ती मिळूं द्यावयाची. थॉमस शंभर यार्ड धांवला तरी आपणांस चालेल, असें बेलिचिकनीं आपल्या गड्यांस सांगितलें, तेव्हां ते गडी प्रथम चकित झाले. कारण धांवणाऱ्यास रोखणें हाच त्यांच्या अभिमानाचा विषय होता. हुतूतूंत एक गडी टिपला गेला तरी चालेल, पण फळी फुटतां कामा नये, असें जाणते खेळाडू सांगतात. त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें अंग त्याहूनही मार्मिक होतें. ज्याच्या हातीं चेंडू नाहीं, त्याच्या चढाईची धार कितीही तीक्ष्ण असो, ती म्यानांतच राहते. तेव्हां चेंडू आपल्याकडे आला कीं घाई करावयाची नाहीं. तीन यार्ड, चार यार्ड असें धांवत, घड्याळ चालूं ठेवीत, सावकाश पुढें सरकावयाचें. म्हणजे उत्तम बचाव बचावाच्या गड्यांनींच करावा असें नाहीं. चढाई करणाऱ्यांच्या संथपणानेंही तो होतो.

ता. २७ जानेवारी १९९१ रोजीं फ्लॉरिडांतील टॅम्पा शहरीं सामना झाला. आखाती युद्ध सुरू होऊन दहाच दिवस लोटले होते. आरंभीं बफेलोनें १२–३ अशी आघाडी मारली, आणि न्यूयॉर्कच्या चाहत्यांची भीति खरी ठरणार असें दिसूं लागलें. परंतु मध्यंतरापूर्वीं जायंट्सनीं तें अंतर १२–१० वर आणिलें. मध्यंतरानंतर त्यांनीं चेंडू घेतला, तो ९ मिनिटें २९ सेकंदांनंतर टचडाउन करूनच सोडला. इतका वेळ केली व त्याचे सोबती कडेला बसून होते. चौथ्या पर्वाच्या आरंभींच थॉमस ३१ यार्ड धांवला आणि बफेलो १९–१७ असें पुढें गेलें. त्यास जायंट्सनीं आणखी साडेसात मिनिटें चेंडू राखून व शेवटीं ३ गुण घेऊन उत्तर दिलें. २०–१९ ! ६० मिनिटांपैकीं ४० मिनिटें ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे होता. केलीच्या एकाही फेंकीवर टचडाउन झालें नाहीं.

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. सोडलेल्या वाटेची किंमत द्यावीच लागली: थॉमस शंभर नव्हे, १३५ यार्ड धांवला, आणि बफेलोचें शेवटचें टचडाउन त्याच वाटेनें आलें. पुढें अखेरच्या दोन मिनिटांत बफेलो मैदानभर सरकत आलें, आणि सर्व सामना स्कॉट नॉरवुड ह्याच्या एका लाथेवर येऊन ठेपला. अंतर ४७ यार्ड. चेंडूस लांबी पुरेशी मिळाली, परंतु तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. तो जर थोडा डावीकडून जाता, तर ह्याच आंखणीस लोकांनीं दोष दिला असता. आज तीच आंखणी ओहायोंतील कॅन्टन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत जपून ठेविलेली आहे.

मग युक्तीनें साधलें काय ? आमच्या मतें, युक्ति जय देत नाहीं; ती जयाची संधि देते. ५१ गुण करणाऱ्या संघास १९ वर रोखून जायंट्सनीं सामना अशा ठिकाणीं आणून ठेविला, कीं तो कोणीही जिंकूं शकला असता. दुबळ्या बाजूस ह्याहून अधिक मागण्याचा हक्क नाहीं. म्हणून चिंताग्रस्त चाहत्यास आमचें सांगणें इतकेंच, कीं ‘ह्यांना सर्व बाजूंनीं कसें अडवावें ?’ हा प्रश्न टाकून द्यावा, आणि ‘आपण काय जाऊं द्यावें, व काय प्राणपणानें राखावें ?’ हा धरावा. पहिल्या प्रश्नास उत्तर नाहीं, दुसऱ्यास असतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सर्व पुस्तक एकदम पाठ करूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यासही हें लागू पडेल.

शेवटची एक गोष्ट पराभूतांच्या गांवची. दुसऱ्या दिवशीं बफेलो शहरीं आपल्या हरलेल्या संघाच्या स्वागतास हजारों लोक जमले. लाथ चुकलेला नॉरवुड मागें राहिला होता. लोकांनीं त्याच्याच नांवाचा गजर करून त्यास पुढें बोलाविलें, आणि तो सद्गदित होऊन चार शब्द बोलला. त्या संघाची चढाई एका युक्तीनें आंवरतां आली. परंतु त्या चाहत्यांचें प्रेम कोणास आंवरतां आलें नाहीं. आपला संघ हरला असतां त्या गर्दींत आपण उभे राहिलों असतों काय, हें प्रत्येकानें आपल्याशींच विचारून पाहावें.