विश्लेषण : रस ओतण्याआधीच कास्टिंगमधला दोष कसा कळतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या वसाहतींतील फाउंड्रीवाल्यांना हा अनुभव नवा नाही : कास्टिंग वरून चोख दिसते, मशीनिंगला गेले की आतली पोकळी उघडी पडते. वीज, मजुरी, वेळ सारेच वाया.

पोकळी का पडते?
बहुतेक धातू गोठताना आकसतात. ॲल्युमिनियम सुमारे ६ टक्के. जाड भाग शेवटी गोठतो. त्याला रस पुरवणारा जादा साठा, म्हणजे रायझर, आधीच गोठला तर आत पोकळी राहते.

सिम्युलेशन काय करते?
संगणक कास्टिंगचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातून उष्णता कशी बाहेर जाते ते मोजतो. शेवटी गोठणारी जागा पडद्यावर दिसते.

ऑप्टिमायझेशन कशासाठी?
रायझर मोठा केला की दोष टळतो, पण जादा धातू वितळवावा लागतो. म्हणून पोकळी न पडू देणारा लहानात लहान रायझर शोधला जातो. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘ऑटोकास्ट’ हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर.

मर्यादा कोणती?
रसाचे तापमान, वाळूचे गुणधर्म चुकीचे भरले, तर उत्तरही चुकते. भट्टीजवळची नोंदवही नीट असेल, तरच पडद्यावरचे चित्र खरे ठरते.